हसनमियाँच्या नावाची फुंक

‘तुमच्या पत्रकात छापलंय की हे वाद्य तीन मैलांवर ऐकू जातं,’ कॅप्टन पेट्राकिस म्हणाला. ‘खरं आहे?’

पत्रक मीच लिहिलं होतं. गिरगावातल्या कचेरीत, पंख्याखाली बसून. तीन मैल लिहिताना मी एवढाच विचार केला होता की दोन मैल फार काटकसरीचं दिसतं आणि चार मैल कुणी मानायचं नाही. पण हे सगळं सांगायची ती जागा नव्हती. आम्ही उत्तर समुद्रात होतो. हँबुर्ग अर्ध्या दिवसावर राहिलं होतं. ऑक्टोबर एकसष्टमधली सकाळ, अकराचा सुमार, आणि ब्रिजवर, म्हणजे सुकाणूच्या माडीवर, उभं राहून बघितलं तर जहाजाचं नाक दिसत नव्हतं. धुकं आजकालच्या धुक्यासारखं पातळ नव्हतं. छत्री टांगली असती तर राहिली असती. मी टांगली नाही, कारण माझ्याकडे एकच होती.

‘सव्वातीन,’ मी म्हणालो.

कॅप्टननं माझ्याकडे बघितलं. ग्रीक माणूस, साठीचा, मिशा पिवळ्या पडलेल्या. ‘मग आणा वर,’ तो म्हणाला. ‘लगेच.’

एवढ्यात धुक्यातून तो आवाज आला. सकाळपासून येत होता. उजव्या अंगाला कुठेतरी एक मोठं जहाज होतं आणि त्याचा भोंगा दर दोन मिनिटांनी हंबरत होता. धुक्यात हा नियमच असतो: चालत्या जहाजानं दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्यायचा, म्हणजे दुसऱ्याला कळतं की इथं कुणीतरी आहे आणि पुढे सरकतंय. तो देत होता. आम्ही देत नव्हतो. आमच्या भोंग्याचा वाफेचा पाइप सकाळी आठला फुटला होता. त्या जहाजाच्या लेखी समुद्र मोकळा होता.

आणि आवाज दर खेपेला जाडा होत चालला होता.

‘थांबू या की,’ मी म्हणालो. ‘मशीन बंद करून.’

‘बंद केलं तर भरती आपल्याला वाळूच्या पट्ट्यावर नेऊन बसवेल,’ कॅप्टन म्हणाला. ‘तिथं दोन जहाजं आधीच बसलेली आहेत. दोन वर्षं झाली. जा, पळा.’

मी पळालो.

आमच्याबरोबर छत्तीस तुताऱ्या होत्या. हँबुर्गच्या एका वाद्यविक्याला त्या हव्या होत्या, तो सर्कशींना आणि नाटकमंडळ्यांना फुंकायची वाद्यं पुरवायचा. आमच्या कंपनीला परदेशातून आलेली ही पहिलीच मोठी मागणी. तुतारी अखंड पाठवली तर वाटेत चेपते, म्हणून एकेकीचे तीन तुकडे करून पेटीत भरले होते. ते तुकडे तिकडे गेल्यावर लाखेनं जोडायचे. जोड जरा जरी फटीचा राहिला तरी वारा निसटतो आणि तुतारी फुसफुसते. हे काम ज्यानं त्या घडवल्या त्यालाच जमणारं, म्हणून पुण्याच्या तांबट आळीतले धोंडूनाना करडे माझ्याबरोबर निघाले होते. वय बासष्ट. समुद्र त्यांनी मुंबईच्या गोदीत पहिल्यांदा बघितला आणि म्हणाले होते, ‘लई पाणी हाय. पन प्यायला काय उपेगाचं न्हाई.’

नाना खाली पेट्यांपाशीच बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

‘वाजवायची? आत्ता?’ ते म्हणाले. ‘गिऱ्हाइकाच्या आधी?’

‘नाना, गिऱ्हाईक भेटायचं असेल तर आत्ता वाजवा.’

त्यांनी एक पेटी उघडली, तीन तुकडे काढले, लाखेची कांडी घेतली आणि भटारखान्यात गेले. चमचा तापवायला. मी दारात उभा. वर भोंगा हंबरला. नाना चमच्याकडे बघत होते. पुन्हा हंबरला. नानांनी लाख लावली, जोड फिरवून बसवला, कानाशी नेऊन आत फुंकर घातली, मान हलवली, आणि परत काढला.

‘नाना!’

‘वारा निसटतोय रं. घाईनं जोडलं तर तुझे सव्वातीन मैल भटारखान्यातच राहतील.’

ते सव्वातीन त्यांना कुणी सांगितले कोण जाणे. मीच सांगितले असणार.

ब्रिजवर पोचलो तेव्हा आधी कॅप्टननं स्वतः तोंड लावून बघितलं. म्हैस शिंकल्यासारखा आवाज झाला. मग त्याच्या दुय्यम अधिकाऱ्यानं लावलं, त्याची म्हैस आजारी होती. मग मी. मी तुताऱ्या विकत होतो, फुंकत नव्हतो. माझ्या खेपेला आवाजच आला नाही, नुसते कान दुखले.

‘द्या हिकडं,’ नाना म्हणाले.

त्यांनी टोपी नीट केली, तुतारी उचलली आणि वाजवली.

मी पत्रकात काहीही लिहिलं असेन, पण तो आवाज मोठा होता. एक लांब सूर, वर चढत गेलेला, आणि त्याच्यामागे दोन तोकडे. काचा थरथरल्या. दुय्यम अधिकाऱ्यानं छातीवर क्रूस काढला.

मला वाटलं, सुटलो. कॅप्टनकडे बघितलं तर तो पांढराफटक.

‘काय केलं हे?’ तो ओरडला. ‘एक लांब, दोन तोकडे? याचा अर्थ माहीत आहे? जहाज ताब्यात नाही, नुसतं तरंगतंय! तो आपल्याला निकामी समजेल आणि आपल्या नाकासमोरून निघून जायला बघेल. आणि आपण चालतोय! एकच द्यायचा. एकच, लांब! सांग त्याला!’

धुक्यातून समोरच्याचा भोंगा आला. या वेळी दोन मिनिटं व्हायच्या आत.

‘नाना,’ मी म्हणालो, ‘एकच वाजवा. एकच लांब सूर. मागचे दोन नकोत.’

नानांनी तुतारी खाली घेतली.

‘एक न्हाई वाजवता येत.’

‘का? दम नाही?’

‘दम हाय. एकली फुंक मयताची असती.’ ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मला आधी कळलंच नाही. ‘आमच्या घरात तुतारी झाली की पयली लांब फुंक देवाची, मग एक देनाऱ्याची, एक घेनाऱ्याची. तीन झाल्याबिगर ती दुकानाभाईर जात न्हाई. आन् मानूस गेलं तर एकली वाजवायची. मागं काय न्हाई. त्याचं नाव तुतारीत सांगायचं आन् फुंकायचं. जित्या मानसांच्या जहाजावर मी एकली कशी वाजवू? ती कुनाला तरी घिऊन जाती.’

‘नाना, नाही वाजवली तर सगळ्यांनाच घेऊन जाईल!’

‘ते त्या भोंगेवाल्याच्या डोक्यावर. ह्ये माझ्या तोंडातनं जानार.’

‘काय म्हणतोय?’ कॅप्टननं विचारलं.

‘ओठ ओले करतोय म्हणतो,’ मी म्हणालो.

भोंगा परत हंबरला. आता तो नुसता कानांना ऐकू येत नव्हता, पायाखालच्या फळ्यांना येत होता. कॅप्टननं घड्याळ काढून हातात धरलं. सुकाणूवरच्या खलाशानं चाक इतकं घट्ट धरलं होतं की त्याची नखं पांढरी झाली होती. मी नानांच्या पाया पडलो. खरंच पडलो, ब्रिजवर, सगळ्यांसमोर. नाना दोन पावलं मागं सरकले.

‘उठ रं. पाया पडून रीत बदलत न्हाई. हितं कुनी मेलंय का, सांग. मेलं असंल तर वाजवतो.’

आता मी जे केलं ते एका श्वासात केलं. त्यावर मी पुढे पुष्कळ श्वास खर्च केले आहेत, पण तेव्हा एकच होता.

‘मेलंय,’ मी म्हणालो.

‘कोन?’

कोण? खलाशांपैकी नाना ओळखत होते असा एकच माणूस होता: हसन परकार, बाणकोटचा, खलाशांचा सारंग, म्हणजे मुकादम. बोटीवरचं शिजवलेलं नाना खायचे नाहीत म्हणून हा रोज त्यांना तांदळाची भाकरी स्वतः थापून द्यायचा. बदल्यात नानांनी खलाशांची चेपलेली तांब्याची डेग ठोकून सरळ करून दिली होती. दोघं दुपारभर डेकवर बसून भांडायचे. पुण्याची हवा चांगली की बाणकोटची. सकाळी भोंग्याचा पाइप फुटला तेव्हा तो दुरुस्त करायला धुराड्याच्या शिडीवर हसनच चढला होता, आणि त्याला चढताना नानांनी बघितलं होतं. उतरल्यावर कॅप्टननं त्याला जहाजाच्या नाकावर टेहळणीला उभं केलं. ते नानांनी बघितलं नव्हतं. नाक तर धुक्यात होतं.

‘हसनमियाँ,’ मी म्हणालो. ‘वाफेनं भाजला. गेला, नाना. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते.’

नानांचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं.

‘आरं... सकाळी तर भाकरी दिली त्यानं.’

‘हो.’

‘मुसलमानाच्या मयताला आमची फुंक चालंल का रं?’

हे ते मला विचारत नव्हते. स्वतःशीच म्हणाले, ‘न चालायला काय झालं,’ आणि टोपी काढून कनवटीला खोचली. ‘बापाचं नाव काय त्याच्या?’

‘इस्माईल,’ मी म्हणालो. हे बाकी खरं होतं.

नानांनी तुतारीच्या रुंद तोंडात तोंड घातलं आणि आत काहीतरी बोलले. मग तिला फिरवून ओठांना लावली.

तो सूर मी कसा सांगू. आधीचा वर चढला होता. हा चढला नाही. सरळ गेला, लांब, मध्ये कुठंही न हलता, आणि संपला तेव्हा संपल्यासारखा वाटला नाही. सुकाणूवरच्या खलाशाला भाषा कळत नव्हती, रीत कळत नव्हती. त्यानंही टोपी काढली.

‘असंच!’ कॅप्टन म्हणाला. ‘उत्तम! आता दर दोन मिनिटांनी.’

दर दोन मिनिटांनी कॅप्टन हात वर करायचा, नाना तुतारीत तोंड घालून म्हणायचे, ‘हसन इस्माईल परकार,’ आणि फुंकायचे. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसत नव्हते. आणि साठ-सत्तर हातांवर, पांढऱ्याच्या पलीकडे, हसन इस्माईल परकार जिवंत उभा होता. मला समोरच्या जहाजाची भीती होतीच. पण दहाव्या की बाराव्या खेपेनंतर मी त्या जहाजाकडे कान देईनासा झालो. मी नाकाकडे बघू लागलो. नाव घेतलं जातंय, घेतलं जातंय, आणि तिकडून काहीच आवाज नाही. सारंग खोकला नाही. ओरडला नाही. पाय घसरून पडला असेल तर? मी एका खलाशाला म्हणालो, जरा हसनला हाक मार. तो म्हणाला, टेहळणीवरच्या माणसाला हाक मारत नाहीत, त्याला ऐकू द्यायचं असतं.

पंचविसाव्या फुंकेला त्याचा आवाज आला.

‘उजवीकडे! समोर! उजवीकडे!’

नानांनी तो ऐकला असणार. पण त्या क्षणी सगळेच ओरडत होते. धुकं काळं झालं. काळं म्हणजे पोलादाचं. आमच्या उजव्या अंगाला एक भिंत उगवली, तिच्यावर गंजाचे ओघळ, खिळ्यांच्या रांगा, वर कठड्याला टेकलेली माणसं, त्यांतला एक अर्धी दाढी केलेला, गालावर साबण. ते जहाज वळत होतं. आम्हाला ऐकून वळत होतं, जिवाच्या आकांतानं, आणि त्याच्या वळण्यानं उठलेल्या लाटेवर आम्ही आडवे झालो. कॅप्टन ग्रीकमध्ये देवाशी बोलत होता किंवा भांडत होता. भिंत सरकत राहिली. इतकी जवळून की मी तिच्यावर हात टेकला असता. हे मी पुष्कळांना सांगतो की टेकला. नाही टेकला. माझे दोन्ही हात डोळ्यांवर होते.

मग त्या जहाजाचा मागचा पंखा पाणी घुसळत गेला आणि पुन्हा पांढरं झालं.

नाना फुंकत होते. त्यांनी थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं. आणखी अठरा वेळा फुंकले. सव्वाएकच्या सुमाराला ऊन पडलं, जर्मनीचा किनारा दिसला, सपाट आणि हिरवा, आणि कॅप्टननं नानांना मिठी मारली. त्यांचे ओठ फुटून रक्त आलं होतं.

तेवढ्यात शिडीवरून हसन वर आला.

‘काय वाजवलंव, नाना!’ तो म्हणाला. ‘माज्या अंगावर काटा आला. त्यो बेटा तुमचं ऐकूनच वळला, मी सोता बगितलं.’

नानांनी आधी त्याच्या पायांकडे बघितलं. बोटं पुढेच होती. मग हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

‘गरम हाय,’ ते म्हणाले.

‘वाफेनं भाजलोय नाना, गरम असनारच. सकाळधरनं चरचरतंय.’

नाना हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जर्मनीकडे बघितलं.

‘हसन, तू जा. खाली जा, त्याला तेल लाव, आन् बस. आज शिडीवर चढू नगंस.’

‘का हो?’

‘मी सांगतोय म्हनून.’

तो गेला. नाना माझ्याजवळ आले. मला वाटलं होतं, शिव्या देतील. चालल्या असत्या.

‘त्रेचाळीस येळा नाव घेतलंय मी त्याचं,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘फुंक रिकामी हिंडत न्हाई, मोरबा. नाव दिलं की ती मानूस शोधती. आता ती त्याच्यावरनं काढायची तर दुसऱ्याला द्याया पायजे. कुनाला देऊ?’

नानांनी माझ्याकडे नीट बघितलं.

‘तुझं पुरं नाव काय रं?’

भिंत गेली होती, ऊन पडलं होतं, किनारा दिसत होता, आणि मला मघापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी असल्या गोष्टी मानत नसे. मी सव्वीस वर्षांचा होतो, मॅट्रिक पास होतो, पत्रकं लिहीत होतो. पण मघा त्या सुरात मी हसनचं नाव ऐकलं होतं. त्यात माझं नाव कसं ऐकू येईल ते मला न फुंकताच ऐकू येत होतं.

‘मोरेश्वर,’ मी म्हणालो. पुढचं निघेना.

नाना वाट बघत होते. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

‘आई हाय न्हवं तुझी? मागं म्हनला हुतास.’

‘आहे.’

‘तिला तू येकलाच?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘एकुलता एक.’

नानांनी सुस्कारा टाकला. मग ते कठड्यापाशी गेले, तुतारीत तोंड घातलं आणि या वेळी मोठ्यानं बोलले. मला ऐकू यावं म्हणून नव्हे, स्वतःचं नाव माणूस मोठ्यानंच घेतो.

‘धोंडो रामजी करडे.’

एकच फुंक. लांब, सरळ.

त्यांनी ओठ पुसले आणि टोपी घातली. ‘चल,’ ते म्हणाले, ‘अजून पस्तीस जोडायच्या हायेत.’

जोडल्या. वाद्यविक्यानं एकेक वाजवून घेतली, नानांनी एकीलाही तोंड लावलं नाही. तोंड फुटलंय म्हणाले. परतीच्या प्रवासात त्यांच्या बर्थसमोर मी रात्रंदिवस जागा राहिलो, त्यांची छाती वरखाली होते की नाही ते बघत. ते शांत झोपायचे. घोरायचे देखील. ते घोरणं ऐकून मला जसं बरं वाटायचं तसं पुढे कुठल्या गाण्यानं वाटलेलं नाही.

आणि नाना मेले नाहीत. पुण्याला आले, दुकानात बसले, तुताऱ्या घडवत राहिले, फक्त नवी तुतारी झाली की तीन फुंका मुलगा मारायचा. मी दर महिन्याला पत्र टाकायचो. उत्तर यायला दोन दिवस जास्त लागले की जेवण जायचं नाही. एक वर्ष गेलं, तीन गेली, नऊ गेली. दहाव्या वर्षी तार आली. म्हातारपण, दुसरं काही नाही. एकाहत्तराव्या वर्षी, झोपेत.

मी गाडी काढून गेलो. तांबट आळीतली सगळी ठोकठोक त्या दिवशी बंद होती. तिरडी बांधून झाली होती. आळीतली चार माणसं तुताऱ्या घेऊन उभी होती, पण त्या खाली धरलेल्या. तिरडी उचलली तरी कुणी तोंडाला लावली नाही. तुताऱ्या करणाऱ्याची मिरवणूक मुकाट निघाली. नुसते पाय वाजत होते.

मी नानांच्या मुलाला विचारलं, ‘वाजवत का नाही?’

‘नाना सांगून गेलेत,’ तो म्हणाला. ‘माझी वाजवून झालीय, दुसऱ्यांदा वाजवायची नाही. कधी वाजवली, कुणी वाजवली, शंभरदा विचारलं. तर म्हणायचे, मोरबाला ठाऊक आहे. आणि एवढंच म्हणायचे, की त्याला काही बोलू नका, आईला एकुलता एक पोरगा आहे तो.’

माझ्या डाव्या हाताला माझा धाकटा भाऊ वसंता चालत होता. गाडी त्यानंच चालवत आणली होती. त्याच्या पलीकडे मधला, अरविंद. दोघांनीही मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘हे कोण?’ नानांच्या मुलानं विचारलं.

‘शेजारी,’ मी म्हणालो, आणि खांदा द्यायला पुढे गेलो.